दहा, शंभर, वीस

आमच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला सगळे अनुक्रमराव म्हणतात. हे नाव आम्हीच ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की पोस्टमनसुद्धा खरं नाव विसरला. त्यांच्या दाराबाहेर चपला लावलेल्या असतात त्या वयाप्रमाणे. आधी त्यांच्या, मग वहिनींच्या, मग मुलीच्या. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तरी तिची जागा रिकामी ठेवलेली आहे, आणि पाहुण्याने चुकून तिथे बूट काढले तर अनुक्रमराव बुटांकडे असं बघतात की पाहुणा आपण होऊन बूट सरकवतो.

वहिनी म्हणतात, "यांना माझ्यावर रागवायचं असलं तरी आधी विषय सांगतात, मग कारण, आणि राग येईपर्यंत माझी भाजी चिरून झालेली असते."

थट्टा खूप झाली बिचाऱ्यांची. पण ज्या रविवारी ते एक नवीन किल्ली घेऊन गेले आणि तीच किल्ली मुठीत घट्ट धरून परत आले, त्या रविवारनंतर जिन्यात त्यांच्यासमोर 'क्रम' हा शब्द काढायचा नाही, असं न ठरवता ठरून गेलं.

त्यांची नोकरी शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात. डॉक्टर नव्हेत, हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळतात. तळघरात एक गार खोली, चार उंच कपाटांत घरघरणारी यंत्रं, एक टेबल, एक फोन. मोबाइल तिथे चालत नाही. भिंतीच तशा जाड. बाहेरच्या जगाशी संबंध तो टेबलावरच्या फोनचा.

आणि हॉस्पिटलातला प्रत्येक फोन कुठे वाजायचा हे ठरवणारी फाइलही त्यांच्याच ताब्यात. फाइल म्हणजे नुसत्या ओळी. फोन आला की यंत्र वरून खाली वाचत येतं. हा अँब्युलन्सचा नंबर आहे का? नाही, पुढची ओळ. हा डॉक्टरांचा आहे का? नाही, पुढची. जी ओळ पहिल्यांदा लागू पडली तिच्याप्रमाणे फोन जोडायचा आणि वाचन बंद. खाली तुमच्या नावाने कितीही सुंदर ओळ लिहिलेली असो, वर कुणी तुम्हाला पकडलं तर तिथपर्यंत यंत्र पोचतच नाही. कुठेच न बसणारा फोन आपोआप चौकशीच्या खिडकीकडे जायचा.

त्यामुळे वरच्या ओळीला भलताच भाव. एका मोठ्या डॉक्टरांनी स्वतः तळघर उतरून येऊन सुचवलं होतं, "आमच्या मिसेसचा नंबर जरा वर घ्या." अनुक्रमराव म्हणाले, "साहेब, त्या जिथे आहेत तिथेच पहिल्या घंटीला लागतात. वर घेतल्या तरी घंटी एकच वाजेल." डॉक्टर गेले. पण तेव्हापासून त्यांच्या मिसेस अनुक्रमरावांना लिफ्टमध्ये ओळख देत नाहीत.

हे काम यंत्राकडे येण्याआधी एका बाईकडे होतं. ती बाई म्हणजे अनुक्रमरावांची सख्खी आत्या.

आत्या त्याच हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. समोर भोकाभोकांचा मोठा बोर्ड, कानाला ऐकण्याचा चिमटा, दोन्ही हातांत जोडणीच्या दोऱ्या. केस काळे होते तेव्हा त्या खुर्चीवर बसली, ती पांढरे झाल्यावर उठली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर सांगायची, "दिवसभर लोकांची जोडणी करते, घरी येऊन आणखी कुणाची करू?" अनुक्रमरावांचे आईवडील लवकर गेले, तेव्हा शाळकरी अनुक्रमरावांना तिनेच घरी आणलं. दोन खोल्या, खाली टेलरचं दुकान, वर आत्या आणि हा. संध्याकाळची पाळी असली की त्याला बरोबर न्यायची. तो बोर्डामागे बसून अभ्यास करायचा. कुणाचा फोन आधी जोडायचा, कुणाला थांबवायचं, हे ती आवाजावरून ठरवते हे त्याने तिथे बसून पाहिलं होतं. क्रमाचं वेड लागलं ते तिथेच.

पुढे तिनेच शब्द टाकून त्याला हॉस्पिटलात चिकटवलं. आणि बोर्ड काढून कॉम्प्युटर बसवायची वेळ आली तेव्हा ती फाइल लिहायचं काम आलं त्याच्याकडेच.

निवृत्तीच्या दिवशी आत्या म्हणाली होती, "माझ्या जागी तू बसलास असं समजू नकोस हं पठ्ठ्या. माझ्या जागी बसली ती एक फाइल."

"आत्या, त्या फाइलीत पहिली ओळ तुझी," तो म्हणाला. "तुझ्या घरून फोन आला की थेट माझ्या टेबलावर. मध्ये कुणी नाही."

"आणि अँब्युलन्स?"

"अँब्युलन्स सोडून."

"मग ठीक. नाहीतर मीच तुझे कान उपटले असते."

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. लोकांना थांबवण्यासाठी एक आवाज हवा होता. बाहेरून कुणाला बोलवायचं, त्यापेक्षा घरचाच आवाज घेऊ, असं ठरलं. आत्याने खाकरून, पदर सारखा करून, जणू समोर गर्दी बसली आहे अशा थाटात बोलून दिलं: "कृपया थांबा. आपला फोन लवकरच जोडला जाईल." त्यामागे जरा सतारीसारखं काहीतरी वाजायचं. हॉस्पिटलात आलेल्या अर्ध्या गावाने तो आवाज ऐकलेला आहे, आणि भाजीवाल्याकडे आत्या बोलायला लागली की लोक वळून बघत.

तेव्हापासून रोज सकाळच्या चहाच्या सुमारास तळघरातला फोन वाजायचा.

"लागला का?"

"लागला, आत्या."

"बरं. ठेवते."

इतकंच. पण तेवढं झालं नाही तर अनुक्रमरावांचा चहा घशाखाली उतरायचा नाही.

मोबाइल मात्र तिने कधी घेतला नाही. अनुक्रमरावांनी एकदा आणून दिला, तो तिने डब्यात घालून टेलरकाकांच्या सुनेला देऊन टाकला. तिचं म्हणणं, आयुष्यभर दुसऱ्यांना जोडलं तो नंबर सोडून भाच्याला गाठायला आणखी कुठला नंबर फिरवायचा म्हणजे स्वतःच्या घरात खिडकीतून शिरण्यासारखं आहे.

आता जरा त्या फाइलीच्या घरात डोकवावं लागेल. तिथेच सगळं घडलं.

सुरुवातीला अनुक्रमराव ओळी हाताने लिहायचे. मग हॉस्पिटल वाढलं, यंत्रं वाढली, आणि सगळीकडच्या फाइली सारख्या ठेवण्यासाठी एक प्रोग्रॅम आणला. तो दर थोड्या वेळाने सगळ्या यंत्रांवर फेरी मारायचा, मूळ प्रतीप्रमाणे प्रत्येक फाइल आहे का बघायचा, आणि नसली तर मुकाट्याने पुसून पुन्हा लिहायचा. तळघरात त्याचं नाव पडलं सासूबाई. दुपारी कुणी आपल्या सोयीने मीठ उजवीकडे ठेवलं की सासूबाईंची फेरी येऊन ते डावीकडे. भांडण नाही, आवाज नाही. तुम्ही परत आलात की मीठ डावीकडे.

शेजारच्या टेबलावर एकजण बसतो, त्याला सगळे पोपट म्हणतात, कारण ऐकलेलं सगळं तो दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचवतो. त्याने एकदा हाताने फाइलीत ओळ घातली आणि चहाला गेला. येऊन बघतो तर ओळ गायब. अनुक्रमरावांनी त्याला फाइलीच्या डोक्यावरची सूचना बोट ठेवून वाचायला लावली: ही फाइल यंत्र लिहितं, हाताने बदलू नये. ती सूचना त्यांनीच लिहिलेली.

"मग बदलायचं असलं तर करायचं काय?" पोपट.

"तुकडा करायचा."

सासूबाईंची पद्धत अशी होती की फाइल एकसंध नसायची. तिचे लहान तुकडे असायचे, प्रत्येक तुकड्याच्या नावाच्या सुरुवातीला एक आकडा. फेरीच्या वेळी सासूबाई सगळे तुकडे आकड्यांनी लावून, एकाखाली एक चिकटवून, अख्खी फाइल तयार करायच्या. कुणाला कुठे बसवायचं ते त्या आकड्यावर. अनुक्रमरावांनी दहा-दहाच्या अंतराने आकडे दिले होते, मध्ये कुणाला घालायची वेळ आली तर जागा असावी म्हणून. दहा म्हणजे अँब्युलन्स आणि ऑपरेशनची खोली. वीस म्हणजे आत्या. तीसपासून पुढे डॉक्टर, वॉर्ड, औषधांचं दुकान, बाकी गोतावळा.

आत्याला सांगितलं पहिली ओळ. खरं तर ती दुसऱ्या तुकड्यात होती. पण माणसांत पहिली तीच, म्हणून अनुक्रमरावांच्या मनाला ते खोटं वाटलं नाही.

आणि एक गोष्ट त्यांनी पोपटाला तेव्हाच शिकवली होती. सासूबाई आकडा मोजत नाहीत, अक्षरासारखा वाचतात. आधी पहिलं चिन्ह बघतात. सगळे एकाने सुरू होणारे आधी, दोनाने सुरू होणारे मग. दहा किती, शंभर किती, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

"म्हणजे शंभर नंबरचा तुकडा दहाच्या पाठीला पाठ लावून बसणार? आणि वीस त्याच्या खाली?" पोपटाने विचारलं होतं.

"हो. म्हणून शहाणी माणसं पहिल्यापासूनच आकड्याच्या डावीकडे शून्य लावून ठेवतात. शून्य दहा, शून्य वीस."

"मग तुम्ही का नाही लावलं?"

"आपण शंभरापर्यंत जातोय कशाला," अनुक्रमराव म्हणाले होते. हे वाक्य त्यांना आजही शब्दन् शब्द आठवतं.

पुढे आत्याच्या घरमालकाने वरचा मजला उतरवायचं ठरवलं. तुळया खचल्या होत्या. खालचं दुकान राहणार होतं, पण आत्याला जागा सोडणं भाग होतं. तिची एक जुनी जोडीदारीण होती, बोर्डावर शेजारच्या खुर्चीवर बसायची ती. एक दिवसाच्या प्रवासावरच्या गावी तिचं घर होतं. तिने कळवलं, माझ्याकडे एक खोली आहे, भाडेकरू मागे लागलाय, शनिवारपर्यंत सांग. तू येणार असलीस तर त्याला नाही म्हणते.

सोमवारी सकाळी आत्याने फोन केला तेव्हा रोजच्यापेक्षा एक वाक्य जास्त बोलली. "ती बोलावतेय. जाऊ का?"

अनुक्रमरावांच्या मनात लगेच आलं, काय बोलतेस, आमच्याकडे ये. पण त्यांचं तोंड क्रमाने चालतं. घरी विचारायला हवं, मुलीच्या खोलीतलं कपाट रिकामं करायला हवं, मग सांगायला हवं. ते म्हणाले, "घरी बोलतो, आत्या."

"बोल. घाई नाही. मी करीन फोन." शनिवारचं तिने सांगितलंच नाही.

त्याच संध्याकाळी घरी विषय निघाला आणि वहिनींनी पोळपाटावरचं पीठसुद्धा न झटकता सांगितलं, "यात विचारायचं काय? मी तर केव्हाची म्हणतेय. आत्ता फोन करा त्यांना."

"करतो. आधी खोली होऊ दे."

"खोली होतच राहील हो. एक शब्द कळवा."

"अगं, तोंडी काय सांगायचं? दाखवूनच सांगू. रविवारी जाऊन किल्लीच हातात ठेवतो. तिचा चेहरा बघ मग."

वहिनींनी पीठ झटकलं. आणि त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी पाहिलं, अनुक्रमराव खोली लावत होते. कपाट रिकामं केलं. भिंतीला रंग दिला. खिडकीचा कोयंडा बदलला. उशाशी दिवा, आणि दिव्याशेजारी फोनची जोडणी, कारण आत्या मोबाइल घेणार नाही. दाराच्या कुलुपाची एक जास्तीची किल्ली करून आणली. एका कागदावर सगळं एकाखाली एक लिहिलं होतं आणि झालं की खूण करत होते. 'आत्याला सांगणे' हे सगळ्यात खाली होतं. म्हणून मंगळवारी सकाळच्या फोनवरही ते 'लागला, आत्या' एवढंच म्हणाले.

त्याच मंगळवारी हॉस्पिटलची नवी इमारत सुरू झाली आणि फोन इतके वाढले की चौकशीच्या खिडकीवरच्या मुली रडकुंडीला आल्या. वरून हुकूम आला: घरगुती, तारेच्या फोनवरून येणारे सगळे आधी रांगेत घ्या, तो थांबवणारा आवाज ऐकवा, मग एकेक खिडकीकडे सोडा. अनुक्रमरावांनी नवा तुकडा केला. तो सगळ्यांच्या खाली असायला हवा होता. आधी ओळखीचे नंबर जाऊ द्यायचे, उरतील त्यांना रांग. नव्वदपर्यंतचे आकडे भरलेले होते. त्यांनी नव्या तुकड्याला शंभर दिला.

ज्या माणसाने पोपटाला शिकवलं त्यानेच शंभर दिला. घाई होती, वरचे विचारत होते, आणि डोक्यात त्याच वेळी खिडकीच्या कोयंड्याचं माप चाललं होतं.

सासूबाईंनी फेरी मारली. दहा, शंभर, वीस, तीस, अशी फाइल चिकटवली. अनुक्रमरावांनी तपासणी केली. अँब्युलन्सचा फोन लागला. डॉक्टरांचे लागले, ते सगळे मोबाइलवाले. वॉर्ड लागले, ते आतले. पोपटाच्या सासऱ्यांच्या घरून फोन करून बघितला, तो बरोबर रांगेत गेला. सगळं नीट. फाइलीत नावानिशी ओळ असलेला घरगुती तारेचा फोन अख्ख्या गावात एकच होता, आणि तो तपासायचा तर आत्याच्या घरी जावं लागलं असतं.

बुधवारी सकाळी टेबलावरचा फोन वाजला नाही. गुरुवारीही नाही.

"आत्या रुसली वाटतं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही करा."

"सामान बांधण्यात असेल. आणि सोमवारीच म्हणाली, मी करीन." मग हसून, "एकदा रुसू दे. रविवारी एकदम फिटेल."

शुक्रवारी संध्याकाळी ते पडद्यांची दांडी ठोकत होते. आम्ही खालून ओरडलो, "काय राव, जावई येणार आहे का?" ते म्हणाले, "त्यापेक्षा मोठं माणूस." इतके खूश आम्ही त्यांना मुलीच्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, किल्ली खिशात टाकून अनुक्रमराव निघाले. टेलरकाकांचं दुकान रविवारीही अर्धं उघडं असतं. काका तोंडात टाचण्या धरून कुणाच्या तरी कोटाची बाही लावत होते. अनुक्रमरावांना बघून त्यांनी टाचण्या हातात काढल्या.

"तुम्ही आज आलात?"

"का? आत्या वर आहे ना?"

"अहो, त्या काल गेल्या. सकाळच्या गाडीने. सामान आधीच टेम्पोत घालून पाठवलं. तुम्हाला माहीत नाही?"

अनुक्रमरावांनी वरच्या जिन्याकडे पाहिलं. काकांनी शिवणयंत्रावरून किल्ली काढून दिली. "मालकाला द्यायला माझ्याकडे ठेवलीय. बघून या वर हवं तर. रोज तुम्हाला फोन करत होत्या म्हणाल्या. लागत नव्हता का?"

वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. भिंतीवर कपाटाच्या मागच्या जागेचा रंग वेगळा दिसत होता. लहानपणी ज्या कोनाड्यात त्यांचं दप्तर असायचं तो कोनाडा झाडून स्वच्छ केलेला. खिडकीखाली जमिनीवर तेवढा फोन होता. तो कंपनीचा, तो राहिला. त्यांनी उकिडवं बसून तो कानाला लावला. सुरू होता.

त्यांनी हॉस्पिटलचा नंबर फिरवला. तळघरात त्या वेळी कुणी नव्हतं, रविवार. पण निदान घंटी तरी वाजली असती. घंटी वाजली नाही. सतारीसारखं काहीतरी सुरू झालं, आणि त्या रिकाम्या खोलीत, पदर सारखा करून बोलल्यासारखा, आत्याचा आवाज आला.

"कृपया थांबा. आपला फोन लवकरच जोडला जाईल."

अनुक्रमरावांना काही तपासावं लागलं नाही. दहा, शंभर, वीस. डोळ्यांसमोर फाइल उभी राहिली, ओळीखाली ओळ, आणि त्यात आत्याची ओळ जशीच्या तशी, शुद्ध, कुणी न वाचलेली. ते फोन खाली ठेवू शकले नाहीत. तो आवाज पुन्हा आला, पुन्हा सतार, पुन्हा आवाज. शेवटी खिडकीवरच्या मुलीने उचलला.

"हॅलो, पेशंटचं नाव सांगा."

त्यांनी फोन ठेवला.

खाली आल्यावर काकांनी चहा मागवला होता. तो त्यांनी घेतला की नाही हे काकांना आठवत नाही. जोडीदारणीच्या घरचा नंबर मात्र आत्या काकांकडे देऊन गेली होती. अनुक्रमरावांनी मोबाइलवरून तिथेच, कोटाच्या बाहीसमोर उभं राहून लावला.

"कोण?" आत्याच होती. फोन तिनेच उचलला. ज्या घरात असेल तिथे तीच उचलते.

"आत्या, मी."

"अरे वा. लागला का?"

मग सगळं एकदम आलं, पहिल्यांदाच क्रम सोडून. शंभर, खोली, रंग, किल्ली, सासूबाई, वहिनी काय म्हणाल्या, रविवार, दिवा. आत्याने मध्ये तोडलं नाही. ऑपरेटर होती, बोलणाऱ्याला बोलू द्यायची सवय होती तिला.

"झालं?" ती म्हणाली. "एक विचारू? म्हणजे ती माझी ओळ तू काढली नव्हतीस."

"काढली नव्हती गं. खाली गेली फक्त."

"मला वाटलं काढलीस. म्हटलं, विचारलं म्हणून अवघडला असेल. नाही म्हणता येत नाही तुला लहानपणापासून. तीन दिवस लावला मी. माझाच आवाज मला सांगतोय, थांबा. मी आपली थांबले. एकदा ती पोरगी आली, म्हणते, पेशंट कोण? म्हटलं, पेशंट नाही, आत्या आहे. ती म्हणते, खाजगी फोन जोडायला मनाई आहे." इथे आत्या हसली. "बरोबरच आहे तिचं. मीच हजारदा सांगितलं असेल लोकांना."

"तू मोबाइलवर का नाही केलास? काकांकडून का नाही केलास?"

"काय म्हणून करू? तू सांगितलं होतंस ना, थेट तुझ्या टेबलावर. नाही लागला, म्हणजे तेच उत्तर असं धरलं."

"आत्या, चल ना परत. मी येतो घ्यायला. आजच निघतो."

पलीकडे जोडीदारीण काहीतरी विचारत होती, बहुतेक चहात साखर किती.

"नाही रे," आत्या म्हणाली. "हिने त्या भाडेकरूला नाही म्हटलं माझ्यासाठी. सामान लागलंय. हिचे गुडघे गेलेत, रात्री उठायला कुणीतरी हवं. माझीही जागा लागली आता इथे. तू ये की भेटायला. आणि ऐक, त्या रंग दिलेल्या खोलीत दुसरं काही कोंबू नकोस, मी येईन राहायला आठ-पंधरा दिवस. पाहुणी म्हणून."

'पाहुणी म्हणून' हे ती सहज बोलली. अनुक्रमराव घरी आले तेव्हा वहिनींना त्यांनी बाकी सगळं सांगितलं, तेवढे दोन शब्द सोडून. ते दोन शब्द आम्हाला कळले टेलरकाकांकडून. मोबाइलचा आवाज मोठा होता.

सोमवारी त्यांनी शंभर सोडून बाकी सगळ्या तुकड्यांच्या आकड्यांच्या डावीकडे शून्य लावलं. शून्य दहा, शून्य वीस, शून्य तीस. शंभर आपोआप खाली गेला. सासूबाईंनी फेरी मारली आणि एकही प्रश्न न विचारता सगळ्यांना नीट बसवलं. पाच मिनिटांचं काम. पोपट शेजारी उभा राहून बघत होता. त्याच्या ओठांवर अनुक्रमरावांचंच ते शंभराचं वाक्य अगदी आलेलं होतं. त्याने ते गिळलं, आणि तो ते कुठल्याही मजल्यावर बोलला नाही. पोपटाच्या आयुष्यातली न पोचवलेली ती एकमेव गोष्ट.

आत्या दोनदा येऊन राहून गेली. खोली तिला आवडली. कोयंड्याचं कौतुक केलं, दिवा लावून बघितला, रंग जरा गडद झाला म्हणाली. वहिनींशी स्वयंपाकघरात रात्रीपर्यंत गप्पा मारल्या. पण पिशवी तिने पलंगाखाली न सरकवता दाराशी ठेवली, आणि निघायच्या दिवशी स्वतःच चपला घालून सगळ्यांच्या आधी जिन्यात उभी राहिली. किल्ली अनुक्रमरावांनी तिला दिली. तिने ती घेतली, पाहिली, आणि त्यांच्याच शर्टाच्या खिशात परत टाकली. "हरवेल माझ्याकडून. तूच ठेव."

वरचा मजला उतरवला. आत्याच्या फोनची जोडणी टेलरकाकांनी आपल्या दुकानात घेतली. नंबर तोच ठेवला, चार लोकांना माहीत होता म्हणून.

नियमाप्रमाणे आत्याची ओळ फाइलीतून काढायला हवी. तो नंबर आता हॉस्पिटलच्या कुणाचाच नाही. अनुक्रमरावांनी अशा कितीतरी शिळ्या ओळी स्वतःच्या हाताने काढल्या आहेत, आणि न काढणाऱ्या पोपटाला दोन गोष्टी सुनावल्याही आहेत. ही मात्र राहिली आहे, शून्य वीसमध्ये, माणसांत पहिली.

त्यामुळे अधूनमधून सकाळच्या चहाच्या सुमारास तळघरातला फोन वाजतो. अनुक्रमराव पहिल्याच घंटीला उचलतात, दुसरी वाजू देत नाहीत.

"हॅलो, हाडांचे डॉक्टर आज आहेत का?" टेलरकाका. "आणि एक सांगा, तुमच्याकडे पूर्वी बाईंचा आवाज यायचा, थांबा म्हणून. आता थेट तुम्हीच उचलता?"

"हो, काका. तुमचा फोन थेट लागतो."

"बरं झालं. थांबायचा फार कंटाळा येतो."

अनुक्रमराव डॉक्टरांची वेळ सांगतात, बरं म्हणतात, आणि काकांनी फोन ठेवल्यावरही थोडा वेळ तो कानालाच धरून बसतात. चहा तोवर गार झालेला असतो.